नवीन अधिकाऱ्यांसाठी: चांगलं काम फायलीत न अडकवता जमिनीवर कसं आणायचं

एमपीएससी किंवा यूपीएससीतून आत्ताच रुजू झालात, पहिलं पोस्टिंग पंचायत समितीत, तहसीलमध्ये, नगरपरिषदेत नाहीतर मंत्रालयात एखाद्या कार्यासनावर मिळालंय, आणि काहीतरी चांगलं करायची मनापासून इच्छा आहे, तर हे तुमच्यासाठी. ट्रेनिंगमध्ये नियम छान शिकवतात, पण सगळे नियम पाळूनही फाईल महिनोन्महिने का हलत नाही हे तिथे कुणी सांगत नाही. मी आधी जिल्हा परिषदेत होते आणि मग मंत्रालयात, त्यामुळे प्रस्ताव वर पाठवणारी बाजू पण बघितलीय आणि त्यावर शेरा मारून परत पाठवणारी पण.

एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फाईल अडते तेव्हा समोरच्याला बहुतेक वेळा तुमचं काम नकोच असतं असं नाही. त्याला भीती असते. उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला, विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर आली, अधिवेशनात तारांकित प्रश्न लागला, कुणी माहिती अधिकारात टिपणी (फाईलमध्ये निर्णयासाठी लिहिलेलं टिपण) मागवली, तर सही माझी दिसणार आणि मी काय उत्तर देणार. ते उत्तर तुम्ही आधीच फाईलमध्ये लिहून ठेवलंत की तो सही करतो.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते. तुमच्या तालुक्यातल्या जि.प. शाळांमध्ये मुलींची स्वच्छतागृहं बांधून झालीत, फोटो अपलोड झालेत, पण नळाला पाणी नाही आणि साफ करायला माणूस नाही, म्हणून मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत. तुम्हाला हे बदलायचंय.

१. आधी बघा, नवीन योजना लागते का

नवीन अधिकाऱ्याची पहिली उडी नेहमी "शासनाकडे प्रस्ताव पाठवू" अशी असते. थांबा. प्रस्ताव वर गेला की ग्रामविकास, शालेय शिक्षण, पाणीपुरवठा, नियोजन, वित्त असा फिरत बसतो आणि तोवर तुमची बदली होते.

आपल्या उदाहरणात पैसा आधीच चार ठिकाणी पडलेला आहे. जल जीवन मिशनमध्ये शाळा-अंगणवाड्यांना नळजोडणी द्यायची मोहीम २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली होती. समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायची अट आहे. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानात ग्रामपंचायतींचा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरता येणारा होता, त्यातला अर्धा स्वच्छतेला, अर्धा पाण्याला (निकष आयोगागणिक बदलतात, तुमच्या वर्षाचं पत्र काढून वाचा). आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो तो आहेच. म्हणजे मंत्रालयाची गरजच नाही, जि.प.च्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं (सीईओ) एक नीट लिहिलेलं परिपत्रक पुरतं.

याला आपल्याकडे अभिसरण म्हणतात. जलयुक्त शिवारचा ५ डिसेंबर २०१४ चा शासन निर्णय याच पद्धतीने लिहिलेला होता, वेगवेगळ्या विभागांच्या योजना आणि निधी एकत्र आणून जिल्हाधिकाऱ्याच्या समन्वयाखाली एका गावात काम करायचं. त्यातून काय बिघडलं हेही पुढे येईल, ते पण शिकण्यासारखं आहे.

२. जवळ काय काय ठेवायचं

हे सगळं पहिल्या महिन्यात गोळा करा, पीडीएफ करून मोबाईलमध्ये पण ठेवा, कारण बैठकीत वाद निघाला की ज्याच्याकडे कागद त्याचं ऐकतात.

- वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८, सुधारणांसह. कुठल्या खर्चाला कोण मान्यता देऊ शकतो ते यात आहे
- मुंबई वित्तीय नियम १९५९ आणि कोषागार नियम १९६८ (पाठ करायचे नाहीत, कुठे काय आहे एवढं माहीत हवं)
- उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा खरेदी कार्यपद्धतीचा शासन निर्णय आणि त्यानंतरच्या सगळ्या सुधारणा
- तुमच्या कार्यालयाचा मूळ कायदा, म्हणजे जि.प.त असाल तर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम
- २००५ चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध अधिनियम
- चालू वर्षाची जिल्हा वार्षिक योजना, लेखाशीर्षनिहाय (लेखाशीर्ष म्हणजे खर्च ज्या खात्याखाली दाखवतात ते)
- तुमच्या विषयावरचे मागच्या दहा वर्षांतले सगळे जीआर (शासन निर्णय), तारखेच्या क्रमाने

जीआर शोधताना एक युक्ती. प्रत्येक जीआरला १८ आकडी संगणक संकेतांक असतो आणि त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी व्हॉट्सॲपवर अर्धवट फोटो पाठवला आणि त्यात संकेतांक दिसत असला तर तारीख लगेच कळते, मग शासनाच्या संकेतस्थळावर मूळ प्रत शोधून पूर्ण वाचा. आणि तो जीआर नंतर अधिक्रमित झालाय का, शुद्धिपत्रक निघालंय का, हे बघितल्याशिवाय टिपणीत संदर्भ देऊ नका. रद्द झालेल्या जीआरवर आधारलेला प्रस्ताव परत आला की पुढचे तीन प्रस्ताव लोक संशयानेच वाचतात.

३. ज्यांची सही लागणार त्यांना कागदाआधी भेटा

फाईलचा रस्ता कागदावर काढा. लिपिक, अधीक्षक, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मुख्य लेखा व वित्त अधिकारी, अतिरिक्त सीईओ, सीईओ. मंत्रालयात असाल तर सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सहसचिव, सचिव, मग मंत्री. आता प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा, याला कशाची भीती वाटेल.

मग जा आणि विचारा. विशेषतः लेखा शाखेत. तिथले जुने लोक कडक वाटतात, पण तालुक्यातला कुठला खर्च कुठल्या आक्षेपात अडकला हे त्यांना तोंडपाठ असतं. "मॅडम, हे बिल तुमच्याकडे आलं तर तुम्ही काय विचाराल" एवढंच विचारा, त्या जे तीन-चार मुद्दे सांगतील ते जसेच्या तसे टिपणीत उत्तरासकट घ्या. वित्त विभागाकडे अनौपचारिक संदर्भाने जाणारी फाईल असेल तर प्रश्न जवळपास ठरलेले असतात: खर्च एकदाच की दरवर्षी, नवीन पदं लागणार का, याच कामाला दुसरी योजना आहे का, तरतूद कुठल्या लेखाशीर्षाखाली आहे, मागच्या वर्षीची तरतूद खर्च झाली का. ही पाच उत्तरं आधी नसतील तर फाईल परत येणार, यात शंका नको.

४. टिपणी लिहिणं, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

लोक टिपणी म्हणजे निबंध समजतात. योजनेचं महत्त्व, महापुरुषांची वाक्यं, तीन पानं, आणि शेवटी:

"सबब, प्रस्तुत प्रकरणी योग्य ते आदेश व्हावेत, ही विनंती."

वर बसलेल्या माणसाने यावर काय करायचं? योग्य आदेश कोणता ते तुम्ही सांगितलंच नाही, मग तो लिहितो "चर्चा करावी" आणि फाईल खाली येते.

तीच टिपणी अशी संपवा:

"वरील परिच्छेद ४ मध्ये दर्शविल्याप्रमाणे तालुक्यातील शाळांच्या स्वच्छतागृहांची दैनंदिन सफाई संयुक्त शाळा अनुदानातून व पाणीपुरवठा ग्रामपंचायतीच्या बंधित निधीतून करण्यास मान्यता देण्यास हरकत नसावी. यासाठी शासनावर अथवा जिल्हा परिषदेवर कोणताही अतिरिक्त आर्थिक भार येणार नाही. मान्य झाल्यास निर्गमित करावयाच्या परिपत्रकाचा मसुदा पृ. ३१/प.वि. वर मान्यतेस्तव सादर."

यात काय काय झालं बघा. निर्णय एका वाक्यात आहे, पैसा कुठून ते आहे, भार नाही हे आहे, आणि मसुदा सोबतच (प.वि. म्हणजे फाईलच्या पत्रव्यवहार विभागात) जोडलाय म्हणजे मान्यतेनंतर परत नवीन फेरी नाही. मसुदा सोबत जोडायची ही एकच सवय लावलीत तरी कितीतरी आठवडे वाचतात. ई-ऑफिसवर तर हे अजून सोपं, फक्त संलग्न कागदांना नीट नावं द्या, "स्कॅन १, स्कॅन २" असं ठेवलं तर कुणी उघडून बघत नाही.

मधल्या परिच्छेदांत हा क्रम ठेवा: प्रश्न काय आहे (आकड्यांसह, तुमच्याच तालुक्यातले), कुठला नियम किंवा जीआर अधिकार देतो (परिच्छेद क्रमांकासकट), दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात असं झालंय का, पर्याय कोणते होते आणि हाच का, पैसा, विरोधात काय मुद्दे निघू शकतात. शेवटचा मुद्दा बरेच जण लपवतात. लपवू नका. तुम्हीच आक्षेप लिहून तुम्हीच उत्तर दिलं तर वाचणाऱ्याला विश्वास वाटतो, आणि पुढे चौकशी झाली तर सद्भावनेने निर्णय घेतला याचा तोच सगळ्यात मोठा पुरावा असतो.

५. शेरे वाचायला शिका

"चर्चा करावी": त्याच दिवशी वेळ मागा. चर्चा झाली की लगेच टिपणीत लिहा, "मा. महोदयांशी दि. अमुक रोजी झालेल्या चर्चेनुसार पुढीलप्रमाणे फेरसादर". चर्चा झाली आणि कागदावर आली नाही तर ती झालीच नाही असं समजा.

"नियमानुसार कार्यवाही करावी": हा सगळ्यात निसरडा. होकार वाटतो पण नाहीये, जबाबदारी परत तुमच्यावर आलीय. नेमकी कार्यवाही लिहून तीच मान्यतेला परत टाका.

"तपासून सादर करावे": काय तपासायचं ते फोनवर विचारून घ्या, अंदाजाने सगळंच तपासत बसू नका.

"वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत": खरंच गरज आहे का बघा. वित्तीय अधिकार विभागाकडेच असतील तर पुस्तिकेतला भाग, उपविभाग आणि अनुक्रमांक दाखवून अदबीने सांगता येतं की गरज नाही. माझ्या मते फाईल लांबण्याचं मोठं कारण हेच आहे, गरज नसताना दुसऱ्या विभागाचं मत मागवणं, कारण मत मागवलं की आपल्या टेबलावरून फाईल गेली.

६. मुदतीचा कायदा माहीत असू द्या

वरच्या यादीतल्या २००५ च्या बदल्या आणि विलंबाच्या कायद्याच्या कलम १० नुसार साधारणपणे कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, तातडीची चार दिवसांत, आणि अति तातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, जायची असेल तर तीन महिन्यांत. हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची तरतूद आहे.

पण हा कायदा सहकाऱ्याच्या तोंडावर फेकू नका. वरिष्ठांकडून एक सौम्य अर्धशासकीय पत्र जाऊ द्या, त्यात फाईल क्रमांक आणि पाठवल्याची तारीख. बहुतेक वेळा तेवढ्यावर हलतं. स्वतःच्या टेबलाला मात्र तो कडक लावा.

टेबलासाठी जुनी सहा गठ्ठे पद्धत आजही चालते, १९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी कार्यालयाची जी घडी बसवली तो लखिना पॅटर्न. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद, असे सहा. यातला प्रतीक्षाधीन गठ्ठा म्हणजे ज्यात तुम्ही कुणाच्या तरी उत्तराची वाट बघताय तो. दर सोमवारी तो उघडा. कामं मरतात ती या गठ्ठ्यात. पुढे २०१७ मध्ये पुणे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवींनी झिरो पेंडन्सी मोहीम राबवली तिचा पायाही हाच, आधी काय पडून आहे ते मोजा, मग रोजचं रोज काढा.

७. छोटं करून दाखवा, आणि पैशाचा झरा आधी शोधा

सगळ्या तालुक्यात एकदम नको. एक केंद्र घ्या, तिथल्या दहा-बारा शाळा, एक सत्र. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया तयार असतील तेच केंद्र निवडा, सगळ्यात अवघड गाव पहिल्यांदा घेऊ नका.

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याचा सगळ्यात मोठा दाखला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना, आधी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात लहान प्रमाणावर करून बघितली, मग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली. १९७५ मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर आला, तुमच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात तोच. मग १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. देशाचा रोजगार हमी कायदा त्यानंतर २००५ साली आला. क्रम बघा, आधी प्रयोग, मग कायमचा पैसा, मग कायदा. आपण बऱ्याचदा उलटं करतो, आधी मोठी घोषणा करतो आणि पैसा मार्चमध्ये शोधतो.

जिल्हा पातळीवर प्रयोगाला पैसा हवा असेल तर जिल्हा वार्षिक योजनेत नाविन्यपूर्ण योजनेसाठी थोडा निधी राखीव असतो. जिल्हाधिकारी नियोजन समितीचे सदस्य सचिव असतात, पालकमंत्री अध्यक्ष. जिल्हा नियोजन अधिकाऱ्याला एप्रिल-मे मध्येच भेटा, डिसेंबरात गेलात तर यादी भरलेली असते.

८. आदेश असा लिहा की खालच्याला फोन करावा लागणार नाही

परिपत्रक ग्रामसेवकापर्यंत (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि मुख्याध्यापकापर्यंत जाणार, त्यांच्या डोळ्यांनी वाचा. कोण, काय, किती तारखेपर्यंत, कुठल्या लेखाशीर्षातून, बिलाला कोणते कागद, अडचण आली तर कुणाला विचारायचं. "संबंधितांनी आवश्यक ती कार्यवाही करावी" असं लिहिलंत की काम कुणाचंच राहत नाही. सफाईचा मासिक दर, ग्रामपंचायतीच्या ठरावाचा नमुना, पावतीचा नमुना, सगळं सोबत जोडा. ठरावाचा नमुना मिळाला की पुढच्या मासिक सभेत ठराव होतो, नाही मिळाला तर दोन महिने जातात, इतका साधा फरक आहे.

आणि देखभाल त्याच आदेशात लिहा. जलयुक्त शिवारवर २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या कॅगच्या अहवालाने भूजल पातळी आणि केलेल्या कामांची देखभाल, दोन्हींवर गंभीर आक्षेप घेतले. बांधणं सगळ्यांना आवडतं, मोजणं आणि सांभाळणं कुणाच्या नावावर नसतं. म्हणून तुमच्या परिपत्रकात "किती शाळांत सफाई सुरू झाली" एवढंच विचारू नका, दुपारनंतरच्या हजेरीत मुली किती हेही विचारा. तेच आपल्याला बदलायचं होतं.

अहवालाचे रकाने पाचच्या वर नेऊ नका. एकच केंद्रप्रमुख आधीच कितीतरी लिंका भरतोय, तुमची सव्विसावी झाली तर तो डोळे मिटून भरणार.

९. लोकप्रतिनिधी आणि तोंडी आदेश

सरपंच, पंचायत समिती सदस्य, आमदार यांना काम सुरू व्हायच्या आधी सांगा, उद्घाटनाच्या दिवशी नाही. त्यांना लोकांमध्ये जायचं असतं, चांगल्या कामाचं श्रेय खुशाल घेऊ द्या, त्याने काम टिकतं, कारण उद्या तुम्ही नसताना ते बंद पडायला लागलं तर तेच विचारतील.

तोंडी आदेश मात्र कागदावर आणा. टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ ला स्पष्ट सांगितलंय की अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या लेखी नोंदवल्या पाहिजेत. करायची पद्धत साधी: "आज दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार पुढील कार्यवाही करत आहे" अशी नोंद टिपणीत घेऊन वर सादर करा. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. चुकीची सूचना असेल तर ती लेखी यायची वेळ आली की बऱ्याचदा आपोआप मागे पडते.

१०. कॅलेंडरचे सापळे

मार्चअखेर: बीम्सवर (शासनाची निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) निधी आला म्हणजे खर्च झाला असं नाही. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा हे डिसेंबरपर्यंत संपलं नाही तर मार्चमध्ये घाईने चुकीची खरेदी होते, आणि आक्षेप तिथेच येतात. निविदा टाळायला कामाचे तुकडे पाडणं तर अजिबात नको, कितीही चांगल्या हेतूने केलंत तरी.

आचारसंहिता: कार्यारंभ आदेश दिलाय पण प्रत्यक्ष काम सुरू झालेलं नाही, तर आचारसंहितेत ते सुरू करता येत नाही. खूप जणांना वाटतं आदेश निघाला म्हणजे सुटलो. जागेवर काम सुरू झाल्याचा तारखेसह फोटो आणि मोजमाप पुस्तिकेतली नोंद ठेवा.

बदल्या: नेहमीचा कार्यकाल तीन वर्षांचा आणि बदल्या एप्रिल-मे मध्ये. पण त्याआधीही होऊ शकते, म्हणून पहिल्या वर्षानंतर काहीही नवीन सुरू करताना हस्तांतरणाची टिपणी सोबतच लिहायला घ्या. दोन पानं पुरे: काम कुठे पोचलंय, कुठल्या फायली कुठे आहेत त्यांच्या क्रमांकासह, पैसा किती उरलाय आणि कधीपर्यंत खर्चता येतो, कोणते मुख्याध्यापक आणि ग्रामसेवक मनापासून काम करतात, कुठलं आश्वासन कुणाला दिलंय आणि ते पूर्ण व्हायचं राहिलंय. एक प्रत फाईलला लावा, एक नवीन येणाऱ्याच्या हातात द्या, आणि एक तुमच्या कार्यालयातल्या त्या लिपिकाकडे जो पुढची पाच वर्षं तिथेच असणार आहे.